वही कोणाच्या हाती?

सावकाराच्या वहीवर आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या अंगठे उमटवले. तिच्यात काय लिहिले आहे हे मात्र त्यांना वाचता आले नाही. म्हणूनच ब्लॉकचेनची कल्पना प्रथम समजली तेव्हा आम्हांला तिचे अप्रूप वाटले. ही वही एकाच्या तिजोरीत नसते. तिच्या प्रती असंख्य संगणकांवर असतात आणि झालेली नोंद कोणालाही गुपचूप खोडता येत नाही. बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांपुढे जाऊ नये, असा नियमही तिच्यात आहे. चलन काढण्याचा अधिकार राज्यकर्त्यांच्या मर्जीवर न सोडता त्याला ठाम मर्यादा घालावी, हा विचार परमपूज्य बाबासाहेबांनी १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात मांडला होता.

परंतु तंत्र वेगळे आणि त्याच्या नावावर उभी राहिलेली कंपनी वेगळी. २०१९ साली निघालेल्या ‘एफटीएक्स’ या आभासी चलनांच्या बाजाराचे मोल २०२२ च्या आरंभी ३,२०० कोटी डॉलर ठरवले गेले. अमेरिकेतील सिक्वोया कॅपिटलने सुमारे २१ कोटी, तर सिंगापूर सरकारच्या टेमासेकने २७.५ कोटी डॉलर तिच्यात गुंतवले. ग्राहकांच्या ठेवींचा हिशेब मात्र ब्लॉकचेनवर नव्हताच. तो कंपनीच्या स्वतःच्या बंद वहीत होता. त्या ठेवी संस्थापकाच्याच दुसऱ्या कंपनीकडे वळवल्या गेल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिवाळे निघाले. दोन्ही गुंतवणूकदारांनी आपली रक्कम शून्य धरली. मार्च २०२४ मध्ये संस्थापकाला २५ वर्षांची शिक्षा झाली.

साहसी भांडवलाची रीतच अशी, की अनेक कंपन्यांत पैसा पेरायचा. बहुतेक बुडाल्या तरी एखादी सगळे भरून काढते. म्हणून ते गुंतवणूकदार तगले. ज्याची सारी पुंजी त्या एकाच ठिकाणी होती, त्या ठेवीदाराला हा आधार नव्हता. मोठ्यांनी पैसा घातला, एवढ्या दाखल्यावर त्याने विश्वास ठेवला होता.

आमचे अनेक माजी विद्यार्थी आज घरातील पहिले पगारदार आहेत. त्यांच्या बचतीवर आईवडिलांचे औषधपाणी आणि धाकट्यांचे शिक्षण अवलंबून आहे. थोरामोठ्यांनी सांगितले एवढ्याचसाठी काहीही स्वीकारू नका, हा तथागतांचा कालामांना केलेला उपदेश पैशाच्या व्यवहारालाही लागू आहे. नव्या तंत्राला भिऊ नये, ते शिकावे. पण पैसे देण्यापूर्वी विचारावे : वही कोणाच्या हाती आहे, ती कोणी तपासली, आणि बुडालेच तर कोणाचे घर बुडेल?