दोनदा दाबला की लागतो

काही वर्षांपूर्वीची ५ डिसेंबरची गोष्ट. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर अभिवादन करण्यासाठी आम्ही घरची व वस्तीतली नऊ माणसे भाच्याच्या गाडीतून नगरहून (आताचे अहिल्यानगर) निघालो होतो. भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर, मग माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याण आणि दादर असा रस्ता. गाडी जुनी, भाच्याने कर्ज काढून घेतलेली. पण घराण्यातली पहिली चारचाकी! त्याच्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्याची बैलगाडी हाकली. त्यामुळे गाडीचे कौतुक सर्वांनाच होते. आधीच्या मालकाने पुढे बांधलेली लिंबू-मिरची भाच्याने पहिल्याच दिवशी तोडून टाकली होती आणि काचेवर निळ्या अक्षरांत ‘जयभीम’ लिहून घेतले होते.

भाळवणीच्या पुढे रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या. भाच्याने ब्रेक दाबला. पेडल पोकळ खाली गेले. त्याने घाईने पुन्हा दाबला, तेव्हा गाडी थांबली. माझा जीव घशाशी आला. भाचा मात्र हसला. म्हणाला, “मामा, घाबरू नका. पहिल्यांदा पोकळ जातो, दोनदा दाबला की लागतो. रोजचंच आहे.”

‘रोजचंच आहे’ हे शब्द मला खटकले. मी कारकून माणूस. हिशेबात दोन रुपयांचा फरक आला, तर खिशातले दोन रुपये टाकून बेरीज जुळवता येते. पण चूक कुठे झाली ते कळत नाही आणि उद्या तोच फरक दोनशेचा होतो. ब्रेक दोनदा दाबणे म्हणजे खिशातले दोन रुपये टाकणेच होते. पुढे तर माळशेजचा उतार होता.

टाकळी ढोकेश्वरला मी गाडी थांबवायला लावली. बायामाणसे नाराज झाली. रांग वाढेल, उशीर होईल, असे म्हणू लागली. भाच्याचा चेहरा पडला. “सगळ्यांदेखत माझी गाडी खराब ठरवता का मामा?” तो म्हणाला.

तेव्हा मी त्याला चाळीसगावची हकिकत सांगितली. १९२९ साली परमपूज्य बाबासाहेब चाळीसगावला उतरले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. पाहुणा पायी जाऊ नये म्हणून आपल्याच माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याने कधी टांगा हाकला नव्हता त्याला हाकायला बसवले. टांगा उलथला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. माणसांची माया खरी होती, दोष जातिव्यवस्थेचा होता. तरीही मान राखण्याच्या भरात बसणाऱ्याच्या जिवाचा विचार मागे पडला, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. “गाडीचा मान काचेवरच्या अक्षरांत नाही बाळा, आत बसलेल्यांच्या जिवात आहे,” एवढेच मी बोललो. तो गप्प झाला.

रस्त्याकडेला एक मिस्त्री भेटला. त्याने बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची बाटली पाहिली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेले होते. त्याने समजावले की, पायाचा दाब ऑइलमधून चाकापर्यंत पोहोचतो. ऑइल दाबले जात नाही, पण त्यात हवा शिरली की ती दबते आणि पेडल पोकळ जाते. तो ऑइल भरून हवा काढायला लागणार, इतक्यात आमच्या थोरल्या आत्या म्हणाल्या, “ऑइल कमी झालं म्हणता, मग ते सांडलं कुठं?”

शाळेची पायरी न चढलेल्या आत्यांनी नेमका प्रश्न विचारला होता! मिस्त्रीने चाके तपासली. मागचे डावे चाक आतून ओले होते. ड्रम काढला तर व्हील सिलिंडरचे रबर फाटलेले आणि लायनर ऑइलने भिजलेले. त्याने रबर बदलले, मागचे लायनर नवे टाकले. मग सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून हवा काढली. भाचा पेडलवर, मिस्त्री चाकाशी. “मार... धर... सोड!” नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत हे चालले. अडीच तास गेले, पण पेडल पहिल्याच दाबाला घट्ट लागू लागले. माळशेज आम्ही खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरलो आणि पहाटे दादरला पोहोचलो.

गाडी असलेल्या बांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे. दाबता दाबता वर येऊन घट्ट झाले, तर बहुधा हवा शिरली आहे किंवा लायनर झिजले आहेत. पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू बसत गेले, तर ऑइल गळते आहे; बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबर आतून गेलेले असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे नवे ऑइल २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पण ओलावा धरलेले १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. मग घाटात ब्रेक तापले की ऐन उतारावर पेडल पोकळ जाते. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. त्याऐवजी इंजिन ऑइल कधीही घालू नये. त्याने रबर फुगते.

दुःख आहे तर त्याला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, हे तथागतांनी सांगितले. लिंबू-मिरची तोडली, हे चांगलेच झाले. पण तिच्या जागी तपासणी आली नाही, तर जागा नुसती रिकामी राहते. आपल्या चळवळीचेही असेच होते. जयंतीला आणि ६ डिसेंबरला आपण जोराने पेडल मारतो, गाडी थोडा वेळ ठीक वाटते. पोरे शाळा का सोडतात, कर्ज का वाढते, दारू का सुटत नाही, हे चाक उघडून कोण पाहणार?

भाचा आता दर पौर्णिमेला विहारात येण्यापूर्वी बॉनेट उघडून ऑइल पाहतो. आणि घरात कोणी ‘रोजचंच आहे’ म्हणाले की आत्या लगेच विचारतात, “सांडलं कुठं?”

जयभीम!