डॉक्टर हू : उरलेल्याची यादी

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग बीबीसीने २३ नोव्हेंबर १९६३ रोजी दाखवला. केनेडींच्या हत्येचा तो दुसरा दिवस. पोलिसांच्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून काळात मागेपुढे फिरणारा एक म्हातारा, त्याची नात आणि तिचे दोन शिक्षक, एवढ्या भांडवलावर ही विज्ञानमालिका सुरू झाली. १९६९ पर्यंत तिचे २५३ कृष्णधवल भाग झाले. २०१३ साली मोठं घबाड हाती लागलं, त्यानंतरही त्यातले ९७ भाग गहाळच होते. आज ही मालिका डीव्हीडीवर पहिल्यापासून बघायला घेतली की गोष्ट मध्येच तुटते, पुढे कुठेतरी पुन्हा सुरू होते. काय गेलं आणि जे उरलं ते कशामुळे उरलं, याची ही यादी.

टेप

दोन इंच रुंद, जड आणि महाग. कार्यक्रम दाखवून झाला की ती पुसायची आणि दुसऱ्या कार्यक्रमाला वापरायची, ही तेव्हाची रीतच होती. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. रंगीत टीव्ही आल्यावर जुनं कृष्णधवल कोण बघणार, हाही हिशेब होता. घरी कॅसेट लावून कुणी हे पुन्हा बघेल, ही कल्पनाच तेव्हा नव्हती. साठच्या दशकातल्या भागांची एकही मूळ प्रक्षेपण-टेप आज शिल्लक नाही.

फिल्मच्या प्रती

टेप पुसण्याआधी परदेशी विक्रीसाठी एक काम होई. मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून अख्खा भाग १६ मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवून घेत. ही रिळं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, हाँगकाँग, नायजेरियापर्यंत गेली. विक्रीच्या हक्कांची मुदत संपली तशा लंडनमधल्या प्रतीही सत्तरच्या दशकात नष्ट होत गेल्या. १९७८ मध्ये हे थांबलं. त्यात इयन लेव्हीन या चाहत्याच्या धडपडीचा वाटा होता आणि बीबीसीच्या सू माल्डन यांचाही. साठच्या दशकातलं जे आज घरी बघता येतं, ते जवळपास सगळं या रिळांच्या कृपेने.

मार्को पोलो

१९६४ सालची सात भागांची कथा. सातातला एकही भाग उरलेला नाही. यातल्या सहा भागांचे दिग्दर्शक वारिस हुसेन. जन्म लखनौचा, १९३८ चा. लेखिका आतिया हुसेन यांचे चिरंजीव. मालिकेचा सर्वांत पहिला भागही त्यांनीच केला, तेव्हा त्यांना पंचवीसही पूर्ण नव्हती. तो पहिला भाग आज सुखरूप आहे. त्यांचा ‘मार्को पोलो’ मात्र फोटो आणि आवाज एवढ्यावरच उरला.

क्युराचे फोटो

जॉन क्युरा हे गृहस्थ टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढत. कार्यक्रम चालू असताना ठरावीक अंतराने एकेक, असे एका भागाचे साठ-सत्तर. ते नट-दिग्दर्शकांना विकत. आपलं काम जपून ठेवायचा दुसरा मार्गच तेव्हा त्यांच्याकडे नव्हता. ‘मार्को पोलो’चे असे फोटो वारिस हुसेन यांच्या संग्रहात मिळाले, पण फक्त त्यांनी केलेल्या सहा भागांचे. चौथा भाग जॉन क्रॉकेट यांचा, म्हणून त्याचे नाहीत.

आवाज

गहाळ झालेल्या प्रत्येक भागाचा आवाज शाबूत आहे. त्याचं सगळं श्रेय घरी बसून रेकॉर्डिंग करणाऱ्यांना. कुणी टीव्हीच्या स्पीकरसमोर मायक्रोफोन धरला, कुणी टेपरेकॉर्डरची वायर थेट टीव्हीला जोडली. त्यातली काही शाळकरी पोरं होती.

१९६८ च्या ‘द वेब ऑफ फिअर’चा तिसरा भाग असा आहे. या कथेच्या पहिल्या डीव्हीडीवर दुसरा भाग संपतो तो हलत्या चित्रावर. तिसरा सुरू होतो आणि पडद्यावर एक फोटो थांबून राहतो. लंडनच्या भुयारी रेल्वेचा बोगदा, अर्धा काळोख, माणसांचे चेहरे. खाली संवाद चालू असतात, बुटांचे आवाज येतात. काही सेकंदांनी फोटो बदलतो. पुढे कितीतरी वर्षं मालिकेत राहिलेला लेथब्रिज-स्टुअर्ट पहिल्यांदा नीट समोर येतो तो याच भागात. त्याचं ते येणं आपण ऐकतो, बघू शकत नाही. पंचवीस मिनिटांनी चौथा भाग लागतो, चित्र हलू लागतं आणि आपल्याकडून काय गेलंय ते तेव्हा खऱ्या अर्थाने कळतं.

कात्रीतले तुकडे

ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरला जी दृश्यं मुलांसाठी फार भीतिदायक वाटली, ती फिल्ममधून कापली गेली. कापलेले तुकडे सरकारी दप्तरात जमा झाले आणि १९९६ मध्ये तिथेच सापडले. ‘फ्युरी फ्रॉम द डीप’चे सहाही भाग गेले, पण त्यातला एक प्रसंग या तुकड्यांत वाचला. दुरुस्तीला आलेली दोन माणसं एका बाईच्या घरात उभी आहेत. एक उंच, एक बुटका. दोघंही तोंड उघडतात, त्यांच्या श्वासातून विषारी वायू येतो आणि ती कोसळते. मुलांनी बघू नये म्हणून जे काढलं, तेच आज बघता येतं.

जोसची रिळं

ऑक्टोबर २०१३ मध्ये नऊ गहाळ भाग परत आल्याची बातमी आली. गहाळ भागांच्या शोधात असलेल्या फिलिप मॉरिस यांना ते नायजेरियातल्या जोस शहरात, टीव्ही केंद्राच्या कोठारात मिळाले होते. त्यांत ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’चे पाच होते, तेव्हा ती कथा पूर्ण झाली. बाकीचे चार ‘द वेब ऑफ फिअर’चे. तिसरा भाग त्यांत नव्हता. १९९१ च्या सुमाराला ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ची चारही रिळं हाँगकाँगहून अशीच परत आली होती आणि १९९२ मध्ये त्यांची कॅसेट निघाली.

रंग

सत्तरच्या दशकातल्या काही रंगीत भागांच्याही फक्त कृष्णधवल फिल्म उरल्या. १९७१ चा ‘द माइंड ऑफ ईव्हिल’ त्यांतला एक. फिल्म उतरवताना रंगाचा संकेत गाळला गेला नव्हता, त्यामुळे चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटली होती. वर्षानुवर्षं तो चित्रातला दोष मानला जाई. पुढे तंत्रज्ञांनी त्याच ठिपक्यांतून मूळ रंग उकलून काढले. पहिल्या भागाच्या फिल्मवर ते ठिपके नव्हते, म्हणून त्यात रंग हाताने भरावे लागले. २०१३ च्या डीव्हीडीवर सहाही भाग रंगीत आहेत.

कॅसेट

मालिकेची पहिली व्हीएचएस कॅसेट १९८३ ची, ‘रिव्हेंज ऑफ द सायबरमेन’. किंमत ३९.९५ पौंड. चार भाग एकत्र जोडून त्याचा सलग सिनेमा केला होता. प्रत्येक भागाच्या शेवटी जीव टांगणीला लावणारा क्षण आणि पाठोपाठ येणारं संगीत, हे त्यात नव्हतं. आठवडाभर वाट बघायला लावण्यासाठी लिहिलेली गोष्ट त्यात एका दमात संपते. जुन्या मालिकेतली वाट बघणं हीसुद्धा जपायची वस्तू आहे, हे पुढच्या काळात प्रकाशकांना उमगलं आणि भाग मुळासारखे सुटे मिळू लागले.

डीव्हीडी

ही यादीतली सर्वांत नवी वस्तू, आणि आता तीही चालली. डिस्क वाजवणारी यंत्रं घरातून जाताहेत. या डिस्कवर नुसती मालिका नाही. दृश्य चालू असताना खाली माहितीच्या ओळी येतात : हा प्रसंग कोणत्या दिवशी, कोणत्या स्टुडिओत चित्रित झाला, संहितेत आधी काय होतं. वयोवृद्ध नट-दिग्दर्शकांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात आहेत. त्यांतले बरेच जण आता हयात नाहीत. स्ट्रीमिंगवर भाग मिळतो, पण हे सगळं त्याच्यासोबत येईलच असं नाही. करार संपला की भागही जातो.

या यादीतलं बहुतेक सगळं संस्थेच्या धोरणामुळे उरलेलं नाही. घरात टेपरेकॉर्डर लावणाऱ्या मुलांनी, फोटो जपणाऱ्या दिग्दर्शकाने, दूरच्या देशातल्या एखाद्या कोठाराने ते राखलं. प्रत्येक प्रत कुणाला ना कुणाला निरुपयोगी वाटलेली होती आणि सुदैवाने दुसऱ्या कुणीतरी ती ठेवली. आपल्याकडेही माळ्यावर व्हीएचएसच्या कॅसेट पडून आहेत, दूरदर्शनच्या काळात टीव्हीवरून उतरवून घेतलेल्या. भंगारात देण्याआधी त्यांवरची लेबलं वाचा. लेबल नसेल तर एकदा लावून बघा. त्यावर काही जुनं, कुठेच न मिळणारं निघालं, तर त्याची डिजिटल प्रत करून घ्या आणि मूळ कॅसेटही टाकू नका.