मागल्या आखाचे तेल

देवळाली प्रवरेस मोटारीच्या तेलाविषयी मते पुष्कळ. परंतु ती सारी एंजिनाच्या तेलाविषयी. त्याची कांडी आम्ही सर्वच जण ओढून पाहतो, फडक्यास पुसतो आणि जाणत्यासारखी मान हलवितो. मागल्या दोन चाकांच्या मधोमध गाडीच्या पोटाखाली जो लोखंडी गोळा दिसतो, त्यातही तेल असते हे मात्र कित्येक सुशिक्षित गृहस्थांच्या गावी नसते. शनिशिंगणापूर येथून फार लांब नाही. देवाच्या शिळेस तेल वाहावयास मंडळी जीपने नेमाने जातात; त्या जीपच्या आखास मात्र वर्षानुवर्षे थेंबभर नवे तेल मिळत नाही. (पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या लहान मोटारींस हा गोळाच नसतो, त्यांच्या मालकांनी खुशाल पान उलटावे.)

बैलगाडीचा आख फिरत नाही, त्यावर चाके आपापली फिरतात. म्हणून उसाच्या फडातून गाडी वळली की बाहेरचे चाक अधिक फिरते, आतले कमी, आणि कोणाचे काही अडत नाही. मोटारीत एंजिनाची ओढ चाकांस आखातूनच पोहोचवावयाची. दोन्ही चाके एकाच दांड्यास जखडली तर वळणावर टायर फरफटावयाचे. हा तंटा मिटविणारी दातेरी चाकांची जोडणी म्हणजे डिफरन्शियल. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९२६ साली तिच्यातील लहान पिनियन मोठ्या क्राऊन चाकाच्या मध्यापासून खाली सरकविले. त्यामुळे मोटारी बुटक्या करता आल्या; परंतु त्यांचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, प्रचंड दाबाखाली घसरतातही. साध्या तेलाचा थर तेथे टिकत नाही. म्हणून गंधक व स्फुरद यांची संयुगे मिसळलेले तेल लागते. ती पोलादावर पातळ कवच धरतात. डबा उघडताच जो उग्र दर्प येतो तो त्यांचाच.

असे तेल जीएल-५ जातीचे. जीएल-४ त्याहून सौम्य, आणि पुष्कळशा गिअरपेट्यांस तेच मानवते, कारण तीव्र तेलातील गंधक आतील पितळेस बाधू शकते. डबा एकच आणून दोन्हीकडे ओतणे ही काटकसर नव्हे. आकड्यांचाही असाच घोटाळा होतो. गिअरचे ९० हे एंजिनाच्या ४० च्या दुपटीहून दाट, असे अनेकांस वाटते. वस्तुतः दोन्ही मापे निराळी. दाटपणा जवळपास सारखाच. तेल चिमटीत चोळून पारख करणाऱ्या मिस्त्र्यांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु बोटांस गंधक कळत नाही. गाडीबरोबर आलेले पुस्तक पाहावे.

बदलताना गाडी थोडी फिरवून आणावी, म्हणजे ऊन तेल सारा गाळ घेऊन उतरते. आधी वरचे भरण्याचे बूच निघते की नाही ते पाहावे. ते गंजून बसले असेल आणि खालचे उघडून मोकळे झालात, तर गाडी जागीच अडकेल. नवे तेल वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत भरावे, अधिक नको.

आमच्या परिचयाच्या एका बागाईतदाराची जीप पावसाळ्यानंतर मागून घुमू लागली. ती विकावयास काढली तेव्हा एका हितचिंतकाने कानमंत्र दिला: १४० चे दाट तेल भरा, आवाज दबतो. खरोखरच दबतो! दात झिजावयाचे मात्र थांबत नाहीत, आणि नवा मालक लेकरेबाळे घालून तीच गाडी नगर-मनमाड रस्त्यावर हाकणार. बागाईतदाराने दोन रात्री विचार केला. मुलीची फी भरावयाची होती. तिसऱ्या दिवशी त्याने आमच्यादेखत खालचे बूच उघडविले. तेल ताकासारखे पांढुरके निघाले. ऊन आख ओढ्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि वाफ जाण्याच्या नळीतून पाणी आत खेचले जाते; तेच झाले होते. बुचाच्या लोहचुंबकास लोखंडाचा बारीक काळा लेप असतोच, त्याचे भय नाही; येथे नखाएवढी कपची चिकटली होती. ती त्याने वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधून ठेविली, आणि गिऱ्हाईक आल्यावर चहाच्या आधी पुढे केली. किंमत बरीच उतरली. गाडी गेली ती कपचीच्या पुडीसकट.