घेरडीच्या माळावरची वस्ती

सांगोल्याहून जवळ्यावरून घेरडीकडे निघालं की गावं मागं पडतात आणि वस्त्या लागतात. एका वस्तीवरून दुसरीचा दिवा दिसतो, हाक मात्र पोचत नाही. कमी पावसाचा मुलूख. शेततळ्याच्या पाण्यावर डाळिंबं तगून आहेत. बाग राखायची तर माणसाला मळ्यातच राहावं लागतं.

गेल्या बहारात अशाच एका वस्तीवर गेलो. पंचविशीतला पोरगा. आईच्या आजारपणामुळे घरची सगळी सोलापुरात, हा अडीच महिने एकटा. वीज रात्रीची, म्हणून पाणी रात्री. दिवसा डोळ्याला डोळा लागेना. बागेची पानं करपलेली. विचारलं तर म्हणाला, "साहेब, बोर्डोच मारलं. मोरचूद मोजून टाकलं, पण चुना..." पुढं बोललाच नाही. चुन्याची पिशवी तशीच पडवीत होती. शेतीची पदविका घेतलेला मुलगा! चुन्याशिवाय मोरचूद पान जाळतं, हे त्याला मी काय सांगणार? तरी सांगितलंच, आणि पाणी पिऊन परत फिरलो. जेवलास का, एवढंही विचारलं नाही. ती चुटपुट राहिली.

मग अंटार्क्टिकाविषयी मिळेल ते वाचू लागलो. आपली पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, आणि १९८४ पासून आपली माणसं तिथे हिवाळाभर मुक्काम करू लागली. आज 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन ठाणी आहेत. मैत्रीवर सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. तीच तोंडं, तेच जेवण, बाहेर बर्फ. म्हणून जाणाऱ्याच्या शरीराबरोबर मनाचीही तपासणी होते.

मॉस्कोत २०१०-११ साली मंगळप्रवासाची रंगीत तालीम म्हणून सहा जण ५२० दिवस कोंडून राहिले. बहुतेकांची झोप बिघडली. एकाचं दिवसरात्रीचं गणितच असं चुकलं की बाकीचे जागे असताना तो झोपलेला असे. अंटार्क्टिकातल्या जर्मन ठाण्यावर १४ महिने राहिलेल्या नऊ जणांच्या मेंदूतला स्मरणाच्या कामाचा एक बारीक भाग आक्रसलेला दिसला. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. नऊच माणसं, तेव्हा तो शेवटचा शब्द नव्हे. पण वाचताना मला ती चुन्याची पिशवी दिसत होती.

याच माळावरून धनगरांचे वाडेही जातात. तेही महिनोन्‌महिने घराबाहेर. पण कोणी मेंढरं वळायची, कोणी कोकरं सांभाळायची, कोणी भाकरी करायची हे ठरलेलं. संध्याकाळी सगळी एका जाळाभोवती. भांडणंही होतात, आणि झाली तरी बिघडत नाही. कोण गप्प बसलाय ते मात्र लगेच कळतं. वस्तीवरच्या एकट्या माणसाचं गप्प बसणं कोणाला कळणार?

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, या खेपेला डबा घेऊन. शेजारच्या वस्तीवरच्या आजोबांनाही हाक घातली. पोरगा आधी विजेवर बोलला, मग बागेवर, मग आईवर. बराच वेळ बोलला. दोघांचं ठरलं, फवारणी दोन्ही वस्त्यांवर जोडीने करायची. पोराने कागद वाचायचा, आजोबांनी मापून टाकायचं. "मला वाचता येत न्हाई, पर मोजता येतंय," आजोबा म्हणाले.

करपलेल्या फांद्यांना कोवळी पालवी फुटत होती. मी गाडी सुरू केली तेव्हा आजोबा चुन्याची पिशवी वर धरून त्याला काहीतरी बोलत होते आणि तो हसत होता.