बुधग्रहाची मानसयात्रा

काशी-रामेश्वराच्या यात्रा आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस घडल्या असतील. आज आम्ही त्यांस अशा भूमीवर नेऊं इच्छितों कीं, जेथें अद्याप मनुष्याचें पाऊल लागलें नाहीं, केवळ त्यानें धाडलेलीं यानेंच पोंचलीं आहेत. ही भूमि म्हणजे बुधग्रह होय. पुराणांनीं बुधास चंद्राचा पुत्र म्हटलें आहे. मुखावरून पाहतां पुत्र पित्यासारखाच दिसतो. परंतु त्याचें अंतरंग अगदींच निराळें आहे.

१९७४ व १९७५ सालीं मरिनर-१० हें अमेरिकन यान बुधाजवळून तीन वेळां गेलें. तथापि निम्म्याहून कमी पृष्ठभागाचींच छायाचित्रें त्यास घेतां आलीं. पुढें २००४ सालीं निघालेलें मेसेंजर हें यान मार्च २०११ पासून बुधाभोंवतीं फिरूं लागलें. त्यानें सबंध ग्रहाचें चित्र टिपलें आणि इंधन सरल्यावर ३० एप्रिल २०१५ रोजीं तें त्याच भूमीवर आदळलें.

बुधाचा व्यास सुमारें ४,८८० किलोमीटर आहे. सर्वांगावर आघातांचे वण आहेत. त्यांपैकीं कॅलोरिस नांवाचें खोरें सुमारें १,५५० किलोमीटर रुंद, म्हणजे मुंबई-दिल्लीच्या लोहमार्गाहूनही मोठें आहे. उत्तरेस विस्तीर्ण सपाट मैदानें लागतात. आमच्या सह्याद्रीचे थर जसे लाव्हारसाचे ओघ एकावर एक पसरून झाले, तशींच हीं मैदानें झालीं असें शास्त्रज्ञ मानतात.

यापुढें प्रवाशास विलक्षण कडे दिसतात. कांहीं शेंकडों किलोमीटर लांब व एक किलोमीटरहून अधिक उंच आहेत. त्यांस प्रसिद्ध जहाजांचीं नांवें देण्याचा परिपाठ आहे. एकास कॅप्टन कुकच्या ‘डिस्कव्हरी’चें नांव आहे. हे कडे कशानें झाले? ग्रहाचा गाभा निवत गेला, तसा ग्रह आकसला आणि कवच जागोजाग मोडून एक भाग दुसऱ्यावर चढला. सुकत्या फळाच्या सालीस सुरकुत्या पडाव्या तसेंच हें झालें. या आकसण्यानें बुधाची त्रिज्या सुमारें सात किलोमीटरपर्यंत घटली असावी.

आतां अंतरंगाकडे वळूं. बुधाच्या त्रिज्येचा चार-पंचमांशाहून अधिक भाग लोहप्रधान गाभ्यानेंच व्यापिला आहे. वरचें पाषाणाचें आवरण त्या मानानें पातळ आहे. असें कां व्हावें? सूर्याच्या प्रखर तापानें वरचा पाषाण वाफ होऊन उडून गेला, असें एक मत होतें. तें खरें असतें, तर सहज उडून जाणारीं द्रव्यें तेथें उरलींच नसतीं. परंतु मेसेंजरला तेथें गंधक विपुल आढळलें व पोटॅशियमही पुष्कळ मिळालें. त्यामुळें त्या मताचा पाया ढांसळला. एखाद्या प्रचंड टकरीनें पाषाण उडाला असावा, असें दुसरें मत आहे. त्याचा निर्णय अद्याप झालेला नाहीं. २०१८ सालीं युरोप व जपान यांनीं मिळून धाडलेल्या बेपीकोलंबो यानाचा हाही एक हेतु आहे. सूर्याजवळच्या ग्रहांचीं द्रव्यें कोठून आलीं, हें कळल्यावांचून आमच्या पृथ्वीची घडणही पुरती कळणार नाहीं.

आणखी एक आश्चर्य पाहावयाचें राहिलें. मध्यान्हीं जेथें सुमारें ४३० अंश सेल्सिअस उष्णता असते, त्याच ग्रहाच्या ध्रुवांजवळील विवरांच्या तळीं, जेथें सूर्यकिरण कधींच पोंचत नाहीं, तेथें पाण्याचें बर्फ आहे.

या परक्या भूमीवर आमच्या ओळखीचीं नांवेंही भेटतात. तेथील विवरांस कवि, कलावंत यांचीं नांवें देण्याची रीत असल्यामुळें व्यास, वाल्मीकि, कालिदास, सूरदास, तानसेन व त्यागराज हे सर्व तेथें नांदत आहेत. एका मैदानास तर ‘बुध’ हेंच नांव आहे. बुध सूर्यापासून फार दूर जात नसल्यानें तो सायंकाळीं पश्चिमेस किंवा पहाटे पूर्वेस, क्षितिजाजवळच कांहीं दिवस दिसतो. पंचांग पाहून तो मुलांस अवश्य दाखवावा, आणि आकृतीवरून प्रकृति ठरवूं नये हेंही त्यांस त्याच वेळीं सांगावें.