वेळेची दोन टोकं

हायड्रॉलिक सिलिंडरच्या सीलसाठी आमच्यापुढे नाइट्राइल रबराची दोन कंपाउंड होती. एक गंधकानं व्हल्कनाइझ केलेलं, स्वस्त. दुसरं पेरॉक्साइडनं, महाग. कोणतं घ्यायचं हे माझ्या चाचणीवर ठरणार होतं, आणि मी चुकीचं निवडलं.

चाचणी सांगायला सोपी आहे. १३ मिमी व्यासाची, ६.३ मिमी जाडीची चकती दोन पोलादी प्लेटांमध्ये २५ टक्के दाबायची आणि तशीच धरून ठेवायची. जाडी बदलू द्यायची नाही. रबर प्लेटांना जो उलटा जोर देतं, तो लोड सेलवर वाचत राहायचा. हा जोर हळूहळू ओसरतो. आम्ही त्याला स्ट्रेस रिलॅक्सेशनच म्हणायचो. प्रेशर कुकरची रिंग जुनी झाली की कडेनं वाफ सुटते ती यामुळेच. सील गळत नाही, ती या उरलेल्या जोरावर.

तापमानाबाबत मी फार काटेकोर होतो. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान कोसळलं आणि पुढं चौकशीत रिचर्ड फाइनमननी ओ-रिंगच्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात चिमटून धरून दाखवला, तेव्हापासून रबराच्या धंद्यातल्या माणसाला तापमानाची भीती शिकवावी लागत नाही. माझी भट्टी १०० अंशांवर पक्की होती. प्लेटा, जिग, चकती सगळं आधी तापवून घेतलेलं. लोड सेल तपासलेला. वेळेकडे मात्र मी नीट पाहिलंच नाही.

गंधकाच्या चकत्या मी आधी दाबल्या, मिनिटाला १ मिमी वेगानं. २५ टक्के दाब म्हणजे दीड मिमीच्या थोडं वर. त्याला दीड मिनिटाहून जास्त वेळ लागला. पेरॉक्साइडच्या चकत्या उशिरा मिळाल्या, अहवालाची घाई होती, म्हणून वेग वाढवून मिनिटाला २० मिमी केला. पाचेक सेकंदांत काम झालं. सॉफ्टवेअर दर वेळी सर्वांत मोठा जोर छापून द्यायचं. तोच आकडा मी शंभर टक्के धरला आणि उरलेला जोर त्याच्या प्रमाणात मांडला.

रबर आपण दाबून संपण्याची वाट पाहत नाही. दाबताना पहिल्या सेकंदापासूनच ते ओसरायला लागतं. गंधकाच्या रबराची सुरुवातीची झपाट्याची घसरण त्या दीड मिनिटातच उरकली होती, माझी नोंद सुरू व्हायच्या आधी. त्याचा शिखराचा आकडा लहान आला, म्हणून उरलेलं प्रमाण मोठं दिसलं. पेरॉक्साइडची तीच घसरण आलेखावर पूर्ण उमटली आणि ते कमी प्रतीचं ठरलं. आयएसओ ३३८४ या मानकात पहिलं वाचन दाब दिल्यावर ३० मिनिटांनी घ्यायला सांगितलं आहे. मी ते वाचलेलं होतं.

दुसरी चूक आलेखाच्या दुसऱ्या टोकाला झाली. चाचणी आठवडाभर चालायला हवी होती, मी एक दिवसानंतर थांबवली. वेळ लॉगवर मांडली की बिंदू सुरेख सरळ रेषेत आले, आणि ती रेषा मी पट्टीनं पुढच्या काही वर्षांपर्यंत ओढली. सुरुवातीची ओसरण रबराच्या साखळ्या सरकून जागा घेतात त्यामुळे होते, आणि ती लॉगवर सरळ दिसतेही. पण १०० अंशांवर त्याच वेळी दुसरं काही चालू असतं: उष्णता आणि ऑक्सिजन साखळ्या आणि त्यांच्यातले जोड तोडत असतात. गंधकाचे जोड तुटून नव्या जागी बांधले जातात, दाबलेल्या आकारातच. आर्थर टोबोल्स्की यांनी १९४० च्या दशकात हे रासायनिक शिथिलन मोजून दाखवलं होतं. त्याची गती लॉगच्या हिशोबानं चालत नाही. पहिल्या दिवशी ते नजरेत भरत नाही आणि नंतर रेषा खाली वाकवतं.

आज मागे पाहताना मला एक गोष्ट जास्त बोचते. स्वस्त कंपाउंड जिंकावं असं खरेदी विभागाला वाटत होतं, साहेबांना वाटत होतं, मलाही वाटत होतं. निकाल उलटा आला असता तर मी दोन्ही वेग नक्की तपासले असते. मनासारखा आला, म्हणून सही केली.

सील गळायला लागल्या तेव्हा आमच्या बाजूनं तेलावर, फिटिंगवर, खोबणीच्या मापावर संशय घेऊन झाला. गिऱ्हाइकाचा एक तरुण इंजिनिअर माझा अहवाल घेऊन आला आणि त्यानं विचारलं, "सर, चकती दाबायला किती वेळ लागला होता?" तो आकडा अहवालात कुठंच नव्हता. मी त्याच्यासमोरच मशीनच्या नोंदी काढल्या. दोन वेग शेजारी शेजारी दिसले, तेव्हा त्याला समजवायचं काही उरलं नाही, आणि मलाही.

दोन्ही कंपाउंड पुन्हा भट्टीत गेली, एकाच वेगानं दाबून, अर्ध्या तासाच्या वाचनापासून, पूर्ण आठवडा. दुसऱ्या दिवसानंतर गंधकाची रेषा वाकली. पेरॉक्साइडची फारशी हलली नाही. बसवलेल्या सगळ्या सील कंपनीला स्वखर्चानं बदलून द्याव्या लागल्या, आणि ते गिऱ्हाईक पुढच्या ऑर्डरच्या वेळी दुसरीकडे गेलं.