पोटाचा घेर आणि ऑक्सिजनचा आकडा

पुणे, २० एप्रिल २०२०
फ्रान्समधल्या लील शहरातला अहवाल वाचला. अतिदक्षता विभागातले १२४ कोरोना रुग्ण, त्यातल्या जवळजवळ निम्म्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, ३० च्या वर. ३५ च्या वर असलेल्यांतल्या बहुतेकांना व्हेंटिलेटर लागला.

३ मे
रात्रपाळी. भारी अंगाचा रुग्ण उताणा झोपला की पोटातली चरबी श्वासपटलाला वर रेटते. फुप्फुसाच्या खालच्या भागात रक्त भरपूर फिरतं, पण तिथं हवा पोचत नाही. त्यात न्यूमोनिया झाला की ऑक्सिजन झपाट्यानं उतरतो. अशा माणसाला पालथं करायला पीपीई किट घातलेले पाच-सहा जण लागतात. एकजण नळी सांभाळतो, बाकीचे चादरीनं उचलतात. छातीखाली आणि ओटीपोटाखाली उशा द्यायच्या, मधे पोट मोकळं राहिलं पाहिजे. आज अर्ध्या तासात आकडा ८६ वरून ९३ वर गेला. वॉर्डातले मामा आणि सिस्टर घामानं निथळत होते. ही माणसं नसती तर औषधं काय कामाची?

३० जुलै
इंग्लंडच्या आरोग्य विभागाचे आकडे आले. बीएमआय ३५ ते ४० असेल तर मृत्यूचा धोका ४० टक्क्यांनी जास्त, ४० च्या वर ९० टक्क्यांनी. स्वतः कोरोनामुळे अतिदक्षता विभागात राहून परतलेल्या तिथल्या पंतप्रधानांनी वजन कमी करण्याची मोहीम काढली आहे.

१८ एप्रिल २०२१
एकही खाट रिकामी नाही. आणि यातले बरेचजण इंग्रजी तक्त्यानुसार जाड नाहीतच! हातपाय बारीक, पोट तेवढं सुटलेलं. स्टेरॉइड सुरू केलं की साखर तीनशेच्या वर. इथल्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ चा लॅन्सेटमधला फोटो आठवतो. ते आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. पोटातली ही चरबी नुसती साठून राहत नाही, दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडत राहते. विषाणू येण्याआधीच शरीर धुमसत असतं. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २५ लाच लठ्ठपणा धरतात, आणि ते योग्यच आहे.

६ मे
एक ताई फार उशिरा आल्या. ऑक्सिजन ८० च्या खाली. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, दवाखान्यात वजनावरून बोलतात म्हणून आई यायलाच तयार नव्हती.” ऐकून संताप आला. जाड माणसाला लाजवून कोणाचा जीव वाचलाय? लागण कोणालाही होते. वजनानं ती झाल्यावरचं संकट वाढतं, आणि नेमकं म्हणूनच या लोकांनी सगळ्यांत आधी यायला हवं. लशीलाही त्यांनीच पुढं व्हावं.

शिवणाच्या डब्यातली टेप घ्या, पोटाचा घेर मोजा. पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या वर, बायकांचा ८० च्या वर असेल आणि ताप-खोकला आला, तर ऑक्सिमीटर लावून बघा. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच घटकेला निघा.